एक तारा जास्त

१

सायकलींच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासनीस होते. पेडलचा दांडा असो की ब्रेकची पट्टी, कॅलिपर लावायचा, मोजायचं, आणि पास नाहीतर नापास. दुसऱ्याने मोजलंय म्हणून मी कधी शिक्का मारला नाही. एकदा फोरमन म्हणाला, "बी-शिया, मी बघितलंय ना, मार शिक्का." मी म्हटलं, तुमचे डोळे घरी बायकोला दाखवा. त्याने माझा हात धरून शिक्का कागदावर टेकवायला बघितलं आणि मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. त्या वर्षीची पगारवाढ गेली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ह्याच खोडीपायी झालं.

नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. पोरंबाळं नाहीत. माझं म्हणावं असा जगात एकच जीव होता, धाकटा भाऊ आ-खिम. मी ताइचुंगच्या एका अरुंद गल्लीत तीन मजली घरात, तो चार तासांचा घाट चढून वर लीशानला, नाशपतीच्या बागेत. दोन कुत्रे, तोफू आणि सोया, आणि तो. लग्न केलंच नाही गाढवाने.

दोघांना वेड एकच, आकाशाचे फोटो. माझ्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिचा अर्धा पत्रा सरकतो. पण शहराचं आकाश म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, त्यात रंग मिळत नाहीत. म्हणून मी नॅरोबँडवाली. माझ्या कॅमेऱ्यापुढे हायड्रोजनचा फिल्टर असतो, तो फक्त एकच गडद तांबडा आत सोडतो आणि बाकीचा सगळा उजेड बाहेर ठेवतो. त्यातून तेजोमेघ असा उठून येतो की बघत राहावं. आ-खिमकडे काळंभोर आकाश, पण कॅमेरा साधा, लग्नाबिग्नाचे फोटो काढायचा. त्या कॅमेऱ्याच्या आतच एक काच असते, ती नेमका तोच गडद तांबडा अडवते. म्हणजे मला दिसायचं ते त्याला दिसायचं नाही आणि त्याचं मला नाही. दोघांचं जोडून एक चित्र व्हायचं.

जोडायची आमची रीत ठरलेली. तेजोमेघ माझ्यातला, तारे त्याच्यातले. माझ्या फोटोतले तारे फिके, बिनरंगी, ते मी सगळेच्या सगळे पुसून टाकायचे आणि तिथे त्याचे निळे, पिवळे, नारिंगी तारे बसवायचे. सहा वर्षं हेच चाललं होतं.

२

जुलैतली गोष्ट, सकाळचे अकरा. खाली गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खोदकाम सुरू होतं, ड्रिलने डोकं उठलं होतं. मी वर पत्र्याच्या खोलीत पंखा लावून तारे पुसायला बसले होते. पुसण्याआधी प्रोग्रॅम ताऱ्यांची मोजणी सांगतो. त्याच चौकटीत आ-खिमच्या फोटोत चार हजार एकशे अकरा. माझ्यात चार हजार एकशे बारा.

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय बिघडलं? आ-खिमही तेच म्हणाला. मी फोन केला तेव्हा तो फळांना कागदी पिशव्या बांधत होता. आ-ची, म्हणजे ताई, म्हणायचा तो मला.

"आ-ची, चार हजारांत एक जास्त आला म्हणून तू मला झाडावरून उतरवलंस? धूळ असेल."

"सहा वर्षं बघतेय मी, धूळ कशी दिसते ते मला शिकवू नकोस."

"मग पूस आणि सोड. नाहीतरी पुसणारच होतीस."

तेच तर. पुसणारच होते. दर वेळी पुसतच आले होते.

मी तो शोधून काढला. डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात. मोठा करून बघितला तर ठिपका नव्हता, कडं होतं. बारीक, मधे भोक पडलेलं. इथे एवढं सांगायला हवं की तारा इतका लांब असतो की तो ठिपकाच दिसतो. दुर्बीण ताऱ्यांवर नेमकी बसवलेली असताना एखादी गोष्ट जवळ असली, तर ती धूसर होऊन तिचं कडं होतं, मधल्या छोट्या आरशाची सावली पडते म्हणून. जितकं जवळ तितकं कडं मोठं. मी मोजलं आणि गणित केलं. दोन किलोमीटर आठशे मीटर.

विमान एवढं स्थिर राहत नाही. डोंगरावरचा दिवा आ-खिमच्या कॅमेऱ्याला नसता दिसला, पण माझी दुर्बीण डोंगरापेक्षा कितीतरी वर रोखलेली होती. मी जुने फोटो काढले. एप्रिलचे, मार्चचे, फेब्रुवारीचे. तीन वेगवेगळे तेजोमेघ, आकाशाच्या तीन टोकांना. प्रत्येकात डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात ते होतं. फेब्रुवारीत सहा किलोमीटर. मार्चअखेर पाच. एप्रिलअखेर चार. आणि जी चित्रं छापून आम्ही भिंतीवर लावली होती ती सगळी स्वच्छ, कारण तिथे तारे आ-खिमचे होते.

मी उठून पंखा बंद केला. जुलैच्या उकाड्यात.

३

मी स्वतःलाच झापलं. बाई, तू आयुष्यभर माप घेतलंस, आता माप घे, घाबरतेस काय? आरसा वाकडा असेल, दुर्बिणीत दोष असेल. दुर्बीण बदलून बघायची. म्हणून कॅमेरा खोक्यात घातला आणि बसने लीशान गाठलं.

आ-खिम फाटकाशी उभा होता, तोफू आणि सोया माझ्या पायांत. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात माझा जुना फिल्टर अडकवलेला होता. कडेला चरा गेला म्हणून मी टाकत होते, तर ह्याने ठेवून घेतला. गोल काच, डोळ्याला लावली की सगळं जग निखाऱ्यासारखं दिसतं. त्याने ती डोळ्याला लावून माझ्याकडे बघितलं.

"आ-ची, तू पिकलीस. उतरवायला झालीस."

"तुझी जीभ उतरवते थांब."

त्या रात्री माझा कॅमेरा त्याच्या दुर्बिणीला लावला. वीस फोटो घेतले, पाच-पाच मिनिटांचे. दुर्बीण दुसरी, आकाश दुसरं, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर वर. डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात कडं. पहिल्या फोटोत दोन किलोमीटर आठशे. विसाव्यात दोन किलोमीटर सहाशे.

म्हणजे ते शहरात कुठे नव्हतं. घाट चढून माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलं होतं.

मी म्हटलं, चल, बंद कर सगळं. पण आ-खिम पडद्याकडे बघत होता आणि त्याला कडं दिसतच नव्हतं, त्याला तेजोमेघ दिसत होता. काळ्या आकाशात हायड्रोजन कसा येतो ते त्याने जन्मात पहिल्यांदा बघितलं. तोंड उघडंच राहिलं त्याचं.

"कॅमेरा ठेवून जा, आ-ची. चार दिवस. अमावास्या आहे, ढग नाहीत. तास गोळा करतो."

ही आमच्या लोकांची खोड. तास. कुणी दहा तासांचं चित्र काढलं की दुसऱ्याला वीस तासांचं हवं. शटर उघडं ठेवायचं, जितकं जास्त तितकं बरं. मी नको म्हटलं, भांडले, त्याच्या हातातून केबल ओढली. त्याने परत ओढली. साठीला आलेली दोन माणसं केबलसाठी झोंबत होती आणि कुत्रे भुंकत होते. शेवटी मी ठेवून आले. त्याने आयुष्यात माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं.

४

घरी येऊन मी आलेख काढायला बसले. आधी तारखा मांडल्या, तर काहीच जुळेना. काही महिन्यांत झपकन पुढे, काही आठवडे ठप्प. मग एका दुपारी सूप ढवळताना डोक्यात आलं आणि गॅस तसाच ठेवून मी वर पळाले. तारखांच्या जागी फोटोंची संख्या मांडली.

सरळ रेघ आली. शंभर फोटो, एक किलोमीटर. एक फोटो, दहा मीटर.

शटर उघडं असतं तेव्हाच ते चालतं. बंद असलं की जागच्या जागी थांबतं.

फक्त एका ठिकाणी रेघेला पायरी होती. आमच्याकडच्या मे-जूनच्या पावसात पाच आठवडे मी आकाशाचा एकही फोटो घेतला नव्हता, तरी पाऊस उघडल्यावर ते सहाशे मीटर पुढे आलेलं. पावसात मी कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवला होता आणि नंतर पुन्हा दुर्बिणीला बसवला होता. काढून बसवलं की मापात थोडा फरक येतो. कारखान्यात असा एखादा आकडा आला की आम्ही त्यावर लाल काट मारायचो. मी लाल काट मारली.

मग हिशेब केला. आ-खिमने दोन रात्री फोटो घेतले होते. रोज पंच्याऐंशी धरले तर एकशे सत्तर. राहिले नऊशे मीटर. आज अजून पंच्याऐंशी झाले की पन्नास मीटर. त्याच्या दुर्बिणीपासून बागेचं फाटक पन्नास मीटरवर आहे.

फोन लागायला संध्याकाळ झाली. मी सगळं सांगितलं. तो हसला.

"फाटकापर्यंतच ना? येऊ दे. चहा पाजतो."

"आ-खिम, पाया पडते मी तुझ्या. आज बंद ठेव."

"तू आणि पाया? आता मात्र मला भीती वाटायला लागली." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "आजची रात्र, आ-ची. वीस तास पुरे होतात. मग तू म्हणशील ते."

मी फोन भिंतीवर फेकला. फुटला मेला. आणि मग रात्रभर कपाळ बडवत बसले, कारण तो मला फोन करणार कशावर?

५

त्याने शेजारणीला केला. कोपऱ्यावर नाश्त्याचं दुकान आहे, ते चालवणाऱ्या शू-मावशी पहाटे चारला उठतात. त्या धावत आल्या, फोन माझ्या कानाला लावला. आधी फक्त श्वास. मग तो म्हणाला, "मी वायर उपटली. थांबलं." मग काहीच नाही.

मी पोचले तोवर त्याला दवाखान्यात नेलं होतं. बाग मी नंतर बघितली. बघायलाच हवी होती ना मला.

फाटकाचे लोखंडी गज आतल्या बाजूला पिळले होते, ओला टॉवेल पिळतात तसे. तोफू फाटकाजवळ होता. सोया फाटकाजवळ होती आणि पाण्याच्या टाकीवर होती आणि नाशपतीच्या झाडात होती. कागदी पिशव्यांवर रक्त वाळून तपकिरी झालं होतं. मी बादली घेतली आणि एकेक गोळा केलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग झाडाखाली बसून ओरडले, घसा फाटेपर्यंत.

वनखात्याची माणसं म्हणाली अस्वल. मी म्हटलं, अस्वल गज पिळतं का? ते म्हणाले, बाई, तुम्ही दमला आहात.

आ-खिमचा डावा हात खांद्यापासून मनगटापर्यंत उघडला होता. बासष्ट टाके. दोन बोटं गेली. छाटणीची कात्री आता धरता येणार नव्हती, म्हणजे बाग गेली. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा किल्ल्यांचं जुडगं मागितलं.

"कुत्र्यांचं झालं तेव्हा मी लांब होतो," तो म्हणाला. "दुर्बिणीपाशी. काहीच दिसत नव्हतं. गज आपोआप वळत होते. मग मी वायर उपटून पळत पुढे गेलो आणि ही काच लावून बघितलं."

"काय दिसलं?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. मग म्हणाला, "ही पुन्हा डोळ्याला लावायची नाही. शपथ घे."

"मी कुणाच्या शपथा घेत नाही."

"घे ना, आ-ची."

मी औषधांचा कागद वाचत बसले.

६

त्याला मी घरी आणलं. जिने चढणं शक्य नव्हतं म्हणून तळमजल्यावर पुढच्या खोलीत पलंग टाकला. दारातून आत आलं की पलंग, पलंगामागे स्वयंपाकघर, तिथून जिना. कॅमेराही आणला. तिथे कुणाच्या हाती सोडायचा?

शेवटच्या फोटोत कड्याने चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापला होता. पन्नास मीटर. ते कॅमेऱ्याबरोबर येतं हे मला माहीत होतं. माझ्या स्वयंपाकघरापासून पन्नास मीटर म्हणजे गल्लीचं तोंड, शू-मावशींचं दुकान. त्या दिवसापासून मी तिथे नाश्त्याला जाणं सोडलं. मावशींना वाईट वाटलं. खिडकीतून बघायची मी. लोक उभे राहून अंड्याची पोळी खात होते, सोया दूध पीत होते, आणि त्यांच्या मधे कुठेतरी ते असणार. असू दे, म्हटलं. आकाशाकडे शटर उघडलं नाही की ते हलत नाही. मी उघडणार नाही. मेले तरी उघडणार नाही.

मी हातोडा काढून ठेवला होता कॅमेऱ्यासाठी. पण आ-खिम आठ दिवसांत एक शब्द धड बोलला नव्हता, आणि नवव्या दिवशी भाताची पेज भरवताना म्हणाला, "तेवढं चित्र तरी पुरं करशील?"

"कुठलं चित्र? ज्याच्यापायी हात गेला ते?"

"हात गेलाच आहे. निदान चित्र तरी राहू दे."

मला रडू कोसळलं. मी चमचा आपटून उठले, त्याला दिसू नये म्हणून.

चित्र पुरं करायला डार्क लागतात. झाकण लावून काढलेले निव्वळ काळोखाचे फोटो. त्यात कॅमेऱ्याचा स्वतःचा खरखराट येतो, तो मग खऱ्या फोटोतून वजा करायचा. ते त्याच कॅमेऱ्याने घ्यावे लागतात आणि गारव्यात घ्यावे लागतात, म्हणून आमच्यातले निम्मे लोक कॅमेरा फ्रिजमध्ये ठेवतात. केबल दाराच्या रबरातून बाहेर. आकाश नाही, उजेडाचा कण नाही, कोबी आणि आंबवलेल्या मुळ्याच्या मधे एक डबा. ह्याहून सुरक्षित काय असणार?

सकाळी अकराला फ्रिजमध्ये ठेवला. पाच-पाच मिनिटांचे साठ. मग फोडायचा.

"झोप जरा," मी आ-खिमला म्हटलं. "उठशील तेव्हा चित्र दाखवते."

तो हसला. दहा दिवसांत पहिल्यांदा. जुडगं त्याने मला दिलं, म्हणाला, "हे वर ठेव, मला टोचतं." मी फ्रिजवर ठेवलं.

७

वर गेले, पंखा लावला, कामाला लागले. त्याचे तारे वेगळे काढले. काय रंग होते! मग माझा तांबडा घेतला, तारे पुसले, कडंही पुसलं गेलं, राहिला नुसता मेघ. दोन्ही एकावर एक ठेवून सरकवून बसवायला लागले. तांबडा जास्त चढवला तर मेघ रक्ताळल्यासारखा दिसतो, कमी ठेवला तर राखेसारखा. मी मधलं माप शोधत होते.

खाली मोठ्याने काहीतरी आदळलं. शू-मावशींचा आवाज आला, शिव्या दिल्यासारखा. त्यांचा लोखंडी तवा असेल, म्हटलं. नाहीतर ते खोदकामवाले.

थोड्या वेळाने स्कूटरी पडल्या. एक पडली की रांगेतल्या सगळ्या पडतात, तशा धडाधडा. कुणीतरी ओरडलं, "ए, कोणाची गाडी लागली?" ड्रिल बंद पडलं.

मी तांबडा सहा टक्क्यांनी उतरवला.

मग शेजारच्यांची मैना. तिचा पिंजरा त्यांच्या दारात टांगलेला असतो. ती एकदाच ओरडली आणि तो आवाज मधेच तुटला.

मी हात थांबवले. उगाच. मन म्हणालं, मांजर. मन असंच काहीतरी म्हणतं. साठ डार्क पुरतील का हे बघायला मी वही उघडली, पावसाळ्यात किती घेतले होते ते बघावं म्हणून. वहीत लिहिलं होतं, 'मे-जून. फ्रिज. साठ.'

साठ.

शेजारच्या पानावर आलेख होता. रेघेची पायरी, त्यावर माझी लाल काट. सहाशे मीटर. साठ फोटो. दहा-दहा मीटर.

आकाश लागतच नव्हतं त्याला. शटर उघडं असलं की झालं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. चार फोटो झाले होते, पाचवा सुरू होता. पन्नास मीटरांतले चाळीस गेले. फ्रिजपासून घराचं दार दहा मीटरांवर आहे. दार आणि फ्रिजच्या मधे आ-खिमचा पलंग.

८

जिन्यावर मी पडले, नडगी फुटली, ते नंतर कळलं. खाली दाराचा पत्रा कर्रकर्र वाजत होता. मी सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि केबल दोन्ही हातांनी ओढली, फ्रिजच्या दाराचं रबर केबलसकट निघून आलं, मुळ्याची बरणी फुटली, कॅमेरा फरशीवर आपटला.

कर्रकर्र थांबलं.

सगळंच थांबलं. ड्रिल नाही, माणसांचा आवाज नाही. फरशीवर बरणीतलं पाणी पसरत होतं तेवढंच.

"आ-ची?" पुढच्या खोलीतून आ-खिम. झोपेतला आवाज. "काय फोडलंस आता?"

जिवंत होता. मी मधल्या दाराशी गेले. तो पलंगावर उठून बसला होता, केस विस्कटलेले, लहानपणी दिसायचा तसा. त्याच्या मागे घराचं लोखंडी दार आतल्या बाजूला पिळलेलं होतं आणि फटीतून ऊन आत आलं होतं. बाकी खोली रिकामी.

"हलू नकोस," मी म्हटलं.

त्याने दाराकडे बघितलं. "आत आहे?"

"थांबलंय. शटर बंद आहे. मी येते आणि तुला मागच्या दाराने काढते."

आणि जायचं होतं मी. पाच पावलं होती. त्याला काखेत धरायचं, ओढायचं, मागच्या दाराने गल्लीबाहेर. पण ते नेमकं कुठे उभं होतं? पलंगाच्या अलीकडे की पलीकडे? मी आंधळेपणाने त्याच्यातच पाऊल टाकलं असतं तर? बघायला नको का? बघितल्याशिवाय मी आयुष्यात एक पेडल पास केलं नाही.

माझा हात शेजारच्या फ्रिजवर गेला. जुडगं हाताला लागलं.

"काच नको!" आ-खिम ओरडला. "आ-ची, काच नको लावूस! मी लावली तेव्हाच ते—"

मी लावली.

खोली निखाऱ्यासारखी झाली. पलंग, चादर, भावाचा वर केलेला धड हात. आणि पलंगापाशी ते. कडं नव्हतं, धूसर नव्हतं, अगदी रेखीव होतं. छताला पाठ टेकून वाकलं होतं, खोली त्याला पुरत नव्हती. वरचं मी बघितलं नाही. माझी नजर खाली गेली, पायांकडे, आणि मला गुडघे दिसले, एकाखाली एक, आणि मी मोजायला लागले. दुसरं काय येतं मला? एक. दोन. ते हललं, गुडघे सरकले, मोजणी चुकली म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून धरली. एक. दोन. तीन. आ-खिम किंचाळत होता आणि ते मला ऐकू येत होतं, आणि मी मोजत होते. चार. पाच.

मग किंकाळी थांबली म्हणून मी डोळे मिटले.

९

पोलिसांनी पिळलेलं दार बघितलं, मला बघितलं, माझ्या तळहातांवर केबलचे वळ बघितले, आणि फार काही विचारलं नाही. आ-खिमला मीच आवरलं. सोयाला आवरलं होतं तसंच. कुणाला हात लावू दिला नाही.

काच डोळ्याला लावणं म्हणजेही शटर उघडणं. तो सांगत होता मला. शपथ घे म्हणाला होता. पाच मोजायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी पलंगापाशी जे होतं त्याला दिला.

कॅमेऱ्याचा मी हातोड्याने चुरा केला. चित्र मात्र पुरं केलं. त्यात माझं काही घातलं नाही. नुसते आ-खिमचे रंग, त्याचे तारे. तांबडा नाही, त्यामुळे मेघ राखेसारखा दिसतो. जिन्याच्या भिंतीवर लावलंय.

घर विकून जा, असं शू-मावशी म्हणतात. कसं विकू? कॅमेरा राहिला नाही, तेव्हा ते आता कुणाबरोबर कुठे जाणार नाही. मी डोळे मिटले तिथे, पलंगाशेजारी, थांबलंय. मी पुढच्या खोलीत जात नाही. मागच्या दाराने ये-जा करते, स्वयंपाकघरात भात लावते, मधलं दार लावून घेते. तोंड कुणीकडे करून उभं आहे ते मला माहीत नाही.

जुडगं माझ्या ॲप्रनच्या खिशात असतं. फेकून द्यायला मी दोनदा पुलापर्यंत गेले आणि परत आले. रात्री झोप लागते, तसं काही नाही. पण दिवसा भाजी चिरताना, भांडी घासताना, एकच गोष्ट डोक्यात येते. पाचव्या गुडघ्याखाली अजून एक होता. मला वाटतं होता. मोजणी अर्धवट राहिलेली मला चालत नाही, आणि हात ओले असले तरी मी ते ॲप्रनला पुसते आणि खिशाकडे नेते.